गाण्याचा तास आणि मुलांचे आरोग्य

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घेऊन माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या तक्रारी बहुधा दोनच असतात. पहिली म्हणजे, "डॉक्टरसाहेब, हा पोरगा एका जागी बसतच नाही." आणि दुसरी, "कितीही सांगा, ऐकतच नाही हो!" पहिल्या तक्रारीवर मूल जरा शांत करणारे एखादे औषध मिळावे अशी त्यांची इच्छा असते. दुसरीवर मी त्याला थोडे दटावावे अशी अपेक्षा असते. बालवाडीच्या बाई किंवा अंगणवाडीच्या सेविका भेटल्या, तरी बोलणे फिरून याच दोन मुद्द्यांवर येते.

वर्ध्यात लहान मुलांचा डॉक्टर म्हणून काम करताना या तक्रारींवर मी जो उपाय सर्वांत जास्त वेळा सुचवतो, तो औषधाच्या दुकानात मिळत नाही. वर्गात रोज अर्धा तास गाणे आणि तालावरचे हालचालीचे खेळ, हा तो उपाय. पुष्कळांना हा आरोग्याचा विषयच वाटत नाही. गाणी आणि नाच म्हणजे शनिवारचा विरंगुळा किंवा पाहुणे आले म्हणजे दाखवायची गोष्ट, असा समज आहे. हा समज कितपत बरोबर आहे, ते आज पाहू.

वर्ध्याला हे नवे नाही

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने जो अभ्यासक्रम तयार केला, त्यातला चरखा सर्वांच्या लक्षात राहिला. पण त्याच अभ्यासक्रमात मातृभाषा आणि गणित यांच्या पंगतीत संगीत हाही एक विषय होता, हे फारसे कोणाला आठवत नाही. मुलाचा हात जसा घडवायचा तसा गळाही घडवायचा, कवायत, हस्तव्यवसाय, चित्रकला आणि संगीत ही बरोबरीने चालली पाहिजेत, असा विचार गांधीजींनी त्याच वर्षी 'हरिजन'मधून मांडला होता.

१९३८ साली हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्राम हे त्याचे केंद्र बनले. संघाचे काम सांभाळणारे आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातून आलेले होते. गाण्यावाचून शाळेचा दिवस उजाडत नाही, अशा वातावरणात त्यांनी काम केलेले होते. पुढे जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीमची व्याप्ती वाढली आणि सात वर्षांखालील मुलांचे पूर्व-बुनियादी शिक्षणही तिच्यात आले.

इकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवर ताराबाई मोडक यांनी त्याच १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडला दोघींचे काम वाढले. खेड्यातल्या मुलाच्या अंगणात जाऊन, त्याच्या भोवतीच्या वस्तू घेऊन बालवाडी भरवायची, ही त्यांची पद्धत. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाड्या २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून आल्या. पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणी यांच्याबरोबर पूर्वशालेय शिक्षण हेही त्या योजनेचे काम आहे.

म्हणजे विचार आपल्या मातीतलाच आहे, मागे पडले आहे ते आचरण. याचे कारण उघड आहे. चार वर्षांच्या मुलाच्या पालकांचा बाईंना पहिला प्रश्न असतो, "लिहायला केव्हा लावता?" मग पाटी आणि पुस्तक पुढे सरकते, आणि गाण्याचा तास वेळ उरला तर होतो.

हालचाल ही मुलाची भूक

स्थिर बसणे हे काम वाटते तेवढे सोपे नाही. पाठ ताठ ठेवायला पोट-पाठीचे स्नायू बळकट लागतात, तोल सांभाळावा लागतो आणि उठावेसे वाटत असताना स्वतःला आवरावे लागते. या तिन्ही गोष्टी मूल हालचालीतूनच शिकते. पुरेसे धावून, उड्या मारून झालेले मूल बसू शकते. ज्याला उठूच दिले जात नाही, ते चुळबुळ करणारच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना प्रसिद्ध केल्या. तीन आणि चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यातली निदान ६० मिनिटे दम लागेल अशी असावीत, असे त्यात म्हटले आहे. पडद्यासमोर बसण्याचा वेळ एका तासाच्या वर जाऊ नये, तो जितका कमी तितका चांगला, हेही त्यात आहे. आपल्या गावांत पूर्वी ही १८० मिनिटे कोणाला मोजावी लागत नसत. आता वर्ध्या-हिंगणघाटच्या नव्या वस्त्यांत दारात मोटारसायकली उभ्या असतात आणि खेड्यातही मुलाच्या हाती मोबाइल आला आहे. म्हणून ही बेरीज वर्गात थोडी तरी भरून काढावी लागते.

हालचालीचेही वय असते. साधारणपणे दोन-अडीच वर्षांचे मूल दोन्ही पायांनी उडी मारते. तिसऱ्या वर्षी ते क्षणभर एका पायावर उभे राहते. चौथ्या वर्षी लंगडीच्या दोन-चार उड्या जमतात, आणि पाय बदलत ठेक्यावर उड्या मारत पुढे जाणे पाचव्या-सहाव्या वर्षी येते. दोन-चार महिन्यांचा मागेपुढे फरक चालतो. मात्र पाच वर्षांच्या मुलाला एका पायावर उभेच राहता येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

तोल सांभाळणारा अवयव कानाच्या आतल्या भागात, ऐकण्याच्या अवयवाला लागूनच असतो. फुगडी, गोल फिरणे, झोके यांतून त्याला काम मिळते. त्यात ताल आला की कान, डोळे, हात आणि पाय या सर्वांना एकाच वेळी एकत्र चालावे लागते. पुढे ओळीवर अक्षर काढताना हेच एकत्र चालणे उपयोगी पडते. नावातील एकेका अक्षराला एक टाळी, क-म-ल, सु-रे-खा, असा खेळ खेळणाऱ्या मुलाला शब्दाचे तुकडे पडतात हे कानाने कळते. वाचायला शिकण्याची ही पहिली पायरी आहे. म्हणजे "लिहायला केव्हा लावता?" या प्रश्नाचे उत्तरही टाळ्यांपासूनच सुरू होते.

बाई की मोबाइल?

"गाणी तर आम्ही मोबाइलवर लावतोच की," असे काही बाई सांगतात. मुले पडद्याकडे पाहत बसतात, वर्ग शांत असतो आणि सर्वांचीच सोय होते. पण पडद्यावरचे गाणे मुलासाठी थांबत नाही. एखादे मूल मागे पडले तर ते हळू होत नाही, आणि मूल चुकले तर हसत नाही.

जर्मनीतील लाइपझिग येथील किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांनी २००९ साली अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ठेका धरायला लावून पाहिले. यंत्राबरोबर किंवा नुसत्या आवाजाबरोबर वाजवताना मुलांचा ताल जितका जुळला, त्याहून समोर बसलेल्या जिवंत माणसाबरोबर वाजवताना अधिक चांगला जुळला. याच दोघांनी २०१० साली दाखवले की एकत्र गाऊन-वाजवून खेळलेली चार वर्षांची मुले नंतर एकमेकांच्या मदतीला अधिक धावली. गाण्याशिवाय तसाच खेळ खेळलेली मुले त्यामानाने कमी धावली.

तेव्हा बाईंनी स्वतः गावे. "माझा गळा गोड नाही," ही अडचण मुलांना मुळीच नसते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. लहान मुलांचा आपला ठेका मोठ्यांपेक्षा जलद असतो. संथ चालीवर टाळी धरणे त्यांना अवघड जाते. म्हणून सुरुवात मुलांच्या चालीने करावी, आणि मग हळूहळू संथ चालीवर आणावे.

गाण्याच्या तासात दिसणारे आजार

डॉक्टर म्हणून मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. डॉक्टरला मूल पाच-दहा मिनिटे दिसते, तेही टेबलावर रडताना. बाईंना ते रोज दिसते, पण ओळीत बसलेली पंचवीस मुले साधारण सारखीच दिसतात. गाण्याच्या तासाला मात्र प्रत्येकाचा कान, श्वास आणि पाय वेगवेगळे दिसू लागतात.

देवळी तालुक्यातल्या एका गावच्या अंगणवाडी सेविकेने एकदा एका साडेचार वर्षांच्या मुलाला त्याच्या आईसह माझ्याकडे पाठवले. घरी त्याची ख्याती आडमुठा अशी होती, आणि न ऐकण्यावरून तो बराच मारही खात असे. आईचे म्हणणे तेच, "ऐकतच नाही." सेविकेच्या चिठ्ठीत मात्र वेगळे लिहिले होते. टाळ्यांच्या खेळात हा मुलगा नेहमी इतरांच्या क्षणभर मागे असतो. डोळे मिटून टाळ्या वाजवायला सांगितल्या की थांबतो, आणि डोळे उघडून शेजाऱ्याकडे पाहिले की पुन्हा वाजवतो. मुलगा ताल ऐकत नव्हता, पाहत होता. ऐकत नाही म्हणजे त्याला नीट ऐकूच येत नव्हते!

कान तपासले तेव्हा दोन्ही पडद्यांमागे पाणी साठल्याचे दिसले. वारंवार सर्दी होणाऱ्या लहान मुलांत हे पुष्कळदा आढळते. नाक-घसा आणि कान यांना जोडणारी नळी या वयात आखूड आणि आडवी असते. ती सुजून बंद झाली की पडद्यामागे द्रव साचतो. दुखत नाही, वाहत नाही, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही. मूल अगदी बहिरे होत नाही. कानात कापूस घातल्यासारखे त्याला ऐकू येते, तेही एक दिवस बरे तर एक दिवस वाईट. पुष्कळदा हे दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरते. ओसरले नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञ पुढचे उपचार करतात, आणि कधी छोटी शस्त्रक्रियाही लागते. या मुलावर योग्य उपचार झाले आणि त्याचे ऐकणे सुधारले. पण त्याआधीचे एक वर्ष तरी तो न ऐकू आलेल्या शब्दांसाठी मार खात होता. ती चिठ्ठी आली नसती तर पहिलीतही त्याला 'ढ' ठरवून मागच्या रांगेत बसवले असते.

टाळ्यांचा हा खेळ म्हणजे कानाची तपासणी नव्हे. साडेतीन-चार वर्षांची चांगली ऐकणारी मुलेही ताल चुकतात. पण जे मूल पाहून करते आणि न पाहता थांबते, टीव्हीचा आवाज वाढवते, पाठीमागून हाक मारल्यास वळत नाही, त्याचे कान तपासून घ्यावेत. ही सोय वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात आहे.

आणखी काही गोष्टी या तासात ध्यानात येतात :

थोड्याच उड्यांनंतर इतरांपेक्षा फार लवकर धाप लागणे, ओठ निळसर होणे, खेळता खेळता मध्येच उकिडवे बसणे. ही हृदयविकाराची लक्षणे असू शकतात. विलंब करू नये.

धावल्यानंतर किंवा जोराने गायल्यानंतर दर वेळी खोकल्याची उबळ येणे. हा दमा असू शकतो.

हातपाय किंवा सांधे वारंवार दुखतात म्हणून मूल खेळ टाळते, डोळे पिवळसर दिसतात, चेहरा फिका पडलेला असतो. आपल्या विदर्भात अशा मुलाच्या बाबतीत सिकलसेलचा विचार करावाच लागतो. त्याची सुरुवातीची रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

बोलताना अडखळणारे मूल गाताना बहुधा अडखळत नाही. अशा मुलाला एकट्याने बोलायला उभे न करता सर्वांबरोबर गाऊ द्यावे. त्याची भीती कमी होते.

सर्व मुले हात धरून फिरत असता एखादे मूल रोजच वेगळे राहते, नावाने हाक मारली तरी पाहत नाही, किंवा साध्या आवाजानेही कान झाकून घेते. त्याला ओढून रिंगणात आणू नये, आणि "लाजाळू आहे" म्हणून सोडूनही देऊ नये. पालकांशी बोलून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते. बाईंनी अशा मुलांची नावे आणि काय दिसले ते वहीत लिहून ठेवले, तर त्या दिवशी पथकाचे काम निम्मे सोपे होते.

अर्ध्या तासाची आखणी

पहिली पाच मिनिटे नावाच्या टाळ्या. मुले गोल बसतात, एकेकाचे नाव घेऊन सर्व जण टाळ्या वाजवतात. रोज स्वतःचे नाव सर्वांच्या तोंडून ऐकणे हेच कित्येक मुलांना केवढे तरी टॉनिक असते.

पुढची दहा मिनिटे चालींची. बैलासारखे जड, बगळ्यासारखे उंच पाय टाकत, बेडकासारखे उड्या मारत. बाई डबा वाजवतात. ठेका जलद झाला की मुले जलद, थांबला की सर्व जण पुतळे! हे थांबणे फार मोलाचे आहे. स्वतःला आवरण्याची सवय रागावून लागत नाही, ती अशा खेळातून लागते.

नंतरची दहा मिनिटे वाद्यांची आणि गाण्यांची. यासाठी बाजारातून काही आणावे लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी आपल्याकडे जवळजवळ गावोगाव पोहोचली आहे, ती मुलांच्या हातातही छान बसते. बांबूच्या टिपऱ्या असतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी घरोघरी असतात, ती वर्गात आणावीत. मुलींबरोबर मुलांनीही ती म्हणावीत. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत निघालेल्या मुलांच्या अंगात झडत्यांचा ठेका आपोआप येतो. आजीला एक दिवस वर्गात बोलावून जात्यावरची ओवी ऐकवावी. जे मूल घरी वऱ्हाडी, हिंदी किंवा गोंडी बोलते, त्याच्या घरचे एखादे गाणे सर्वांनी शिकले तर त्याला वर्ग परका वाटत नाही.

शेवटची पाच मिनिटे शांततेची. मुले आडवी पडतात किंवा डोळे मिटून बसतात. बाई हलक्या आवाजात अंगाई म्हणतात, किंवा "बाहेर कोणकोणते आवाज येतात ते ऐका," असे सांगतात. त्यानंतर मुले पाटीकडे वळतील तेव्हा ती खरोखर बसलेली दिसतील.

घ्यायची काळजी

१. अगदी उपाशीपोटी किंवा भरल्या पोटी उड्या नकोत. नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने ही वेळ ठेवावी. हडकुळ्या, अशक्त मुलाला मध्ये मध्ये बसू द्यावे आणि त्याचे वजन व आहार यांकडे लक्ष द्यावे.

२. मार्च उजाडला की आपल्याकडचे ऊन काय असते ते सांगायला नको. हा तास सकाळी लवकर, सावलीत घ्यावा. आधी आणि नंतर सर्वांनी पाणी प्यावे.

३. सिकलसेल असलेल्या मुलाला खेळातून वगळू नये, पण दमवूही नये. त्याने पाणी वारंवार प्यावे, थकण्याआधी थांबावे. तो दिवस वाईट असेल तर खंजिरी त्याच्या हाती द्यावी आणि ठेका धरण्याचा मान त्याला द्यावा.

४. बाटलीत तुरीचे दाणे घालून खुळखुळा करतात. त्याचे झाकण चिकटपट्टीने पक्के बंद करावे. या वयात दाणे नाकात, कानात घालण्याची आणि गिळताना श्वासनलिकेत अडकण्याची भीती असते.

५. ओरडणे म्हणजे गाणे नव्हे. "मोठ्याने, अजून मोठ्याने!" असे म्हणत मुलांना किंचाळायला लावल्याने घसा बसतो, आणि हे रोज झाले तर स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. बाईंनीही आपला आवाज जपावा. मोठ्या आवाजाचे ध्वनिवर्धक मुलांच्या कानांपासून दूर ठेवावेत.

६. आकडी येणारे, हृदयविकार असलेले किंवा नुकतेच तापातून उठलेले मूल असेल, तर किती खेळू द्यावे हे डॉक्टरांना विचारावे.

पालकांना एक विनंती

जानेवारीच्या आसपास शाळांची गॅदरिंग सुरू होतात. महिनाभर आठ-दहा मुलांना सिनेमाच्या गाण्यावर नाच बसवला जातो आणि बाकीची मुले भिंतीशी बसून पाहतात. ज्याचा पाय चुकतो त्याला काढून टाकतात. खरे तर तालाची, हालचालीची सर्वांत जास्त गरज त्यालाच असते! गॅदरिंग जरूर व्हावे, पण त्याने रोजच्या अर्ध्या तासाची जागा घेऊ नये. या तासात परीक्षा नको, क्रमांक नको, आणि "तुला येत नाही" हे वाक्य तर मुळीच नको.

पालकहो, पुढच्या वेळी बालवाडीत गेलात तर "किती लिहायला शिकला?" याबरोबर आणखी एक प्रश्न बाईंना अवश्य विचारा : "गाण्याच्या तासाला माझे मूल कसे असते?" टाळी कशी देते, किती धावते, कोणाचा हात धरते, दमते का, हे बाईंकडून समजून घ्या. त्यातले काही खटकले तर डॉक्टरांना तसेच्या तसे सांगा. आणि घरी संध्याकाळी दहा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून मुलासमोर बसा आणि एखादे गाणे म्हणा, मग ते बेसूर झाले तरी चालेल.